ही-मॅन रीबूटच्या फिगर्स: हातात घेऊन केलेला आढावा आणि एक प्रश्न

मृण्मयी_पाचपाखाडी

मंडळी,

सप्टेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर ही-मॅन या तलवारवाल्या योद्ध्याची सीजीआय (संगणकावर बनवलेली) मालिका आली. रीबूट, म्हणजे जुनीच कथा पहिल्यापासून नव्याने सांगणारी. तीन सीझनमध्ये मिळून २६ भाग झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती संपली. तिच्यावर निघालेल्या फिगर्सबद्दल मराठीत कुणी मनापासून लिहिलेलं मला सापडलं नाही. संग्राहक मंडळींनी तर "पोरांचं खेळणं" म्हणून ती रांग बाजूलाच टाकली. हा अन्याय आहे असं मला वाटतं, म्हणून हा धागा.

आधी एक घोळ निस्तरते. दुकानात ही-मॅनच्या नावाखाली वेगवेगळ्या फिगर्स शेजारीशेजारी टांगलेल्या असतात आणि पाहणारा गोंधळतो. जुन्या, १९८२ च्या खेळण्याची चेहरेपट्टी घेऊन २०२० पासून आलेल्या त्या 'ओरिजिन्स': साडेपाच इंच, सोळा सांधे, डोकं-हात-बूट काढून एकमेकांना लावता येतात. 'रेव्हलेशन' या दुसऱ्या नेटफ्लिक्स मालिकेपासून सुरू झालेल्या त्या 'मास्टरव्हर्स': सात इंच, सांधे तीसच्या घरात, जादा पंजे. आणि मी जिच्याबद्दल लिहितेय ती सीजीआय मालिकेची रांग: साडेपाच इंच, शिवाय साडेआठ इंचाचे मोठे ही-मॅन आणि त्याचा शत्रू स्केलेटर.

माझ्याकडे सीजीआयचे ही-मॅन, स्केलेटर आणि ही-मॅनच्या बाजूच्या टीला आणि रॅम-मॅम आहेत. शेजारी तुलनेला ओरिजिन्सची जोडी.

या फिगर्सचं बळ त्यांच्या ठेवणीत आहे. रुंद खांदे, खाली निमुळती कंबर, मुठी डोक्याएवढ्या. फोटोत हे बेढब वाटतं. हातात घेतल्यावर कळतं की मालिकेतली पात्रं जशी धावतात, आपटतात, उसळतात तोच जोर शिल्पकाराने उभ्या पुतळ्यात पकडलाय. रॅम-मॅम बघा. मालिकेत ती क्रास नावाची मुलगी, लढते डोक्याने, म्हणजे अक्षरशः टक्कर मारून. तिचं सगळं वजन शिरस्त्राणात आणि मानेमागच्या खांद्यांत आहे. फिगर टेबलावर ठेवली की ती आता सुटणार असं वाटतं. ओरिजिन्सच्या एकाच धडावर डोकी बदलून केलेल्या पात्रांत ही गोष्ट येणारच नाही.

उणी बाजू: या भावातल्या फिगर्सवर रंगकाम कमीच असतं. पुष्कळसा भाग त्या त्या रंगाच्या प्लास्टिकमध्येच ओतलेला असतो आणि ब्रश फिरतो तो चेहऱ्यावर आणि छातीवर. स्केलेटरच्या जांभळ्या अंगावर सावलीचा एक हात मारला असता तर तो दुप्पट भयंकर दिसला असता. सांधेही ओरिजिन्सइतके मोकळे नाहीत. गुडघा टेकवून बसवणं वगैरे विसरा.

आता प्रश्न. भाचा आठ वर्षांचा आहे, मालिका दोनदा पाहून झालीय. दिवाळीला त्याला सीजीआयच्या फिगर्स द्याव्यात, ओरिजिन्स द्याव्यात की एकच पण मोठा मास्टरव्हर्स? आणि मोठ्यांनी सीजीआयची रांग संग्रहात का घेऊ नये, हेही कुणीतरी मला पटवून द्या.

ऐरोलीकर_७८

वाचनखूण साठवली. फोटो टाका ना ताई, रॅम-मॅमचा तरी.

नेरुळचे_काका

मृण्मयीताई, लेख उत्तम. पण तुमच्या साऱ्या तुलनेत एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. कंबर!

आमच्या लहानपणी दूरदर्शनवर ही-मॅन लागायचा आणि बाजारात 'लिओ'चे ही-मॅन मिळायचे. ही-मॅन काढणाऱ्या मॅटेल कंपनीच्या परवान्यावर इथेच, भारतात बनलेले. त्या मूळ खेळण्याच्या कमरेत स्प्रिंग होती. धड एका बाजूला पिरगाळायचं आणि सोडायचं, की हात फिरवून सण्णकन ठोसा! आम्ही पोरं समोरासमोर दोन फिगर्स उभ्या करून कोण कोणाला पाडतो ते खेळायचो. चेहरा कसा आहे, रंग कसा आहे, कोण बघतंय? ओरिजिन्समध्ये कंबर फिरते, पण स्प्रिंग नाही. म्हणजे चेहरा जुना ठेवला आणि खेळ काढून घेतला. मास्टरव्हर्सचं तर विचारूच नका, ते शोकेसमधलं झुंबर.

माझा लिओचा ही-मॅन अजून आहे. पायातलं रबर सैल पडलंय, उभा राहायला भिंत लागते, पण ठोसा मारतो.

तुर्भे_एक्सप्रेस

धागा मस्त, पण एक तांत्रिक मुद्दा. 'रेव्हलेशन'ला कृपया रीबूट म्हणू नका. ती १९८३ च्या मालिकेचा पुढचा भाग म्हणून बनवली होती. केव्हिन स्मिथची, पहिला भाग जुलै २०२१ मध्ये आणि दुसरा नोव्हेंबरमध्ये. खरा रीबूट म्हणजे ताईंची सीजीआय मालिका आणि तिच्याआधी २००२ ची. पात्रांचा जन्मच नव्याने सांगितलाय तो तिथे.

मृण्मयी_पाचपाखाडी

@तुर्भे_एक्सप्रेस, म्हणूनच मी तिला 'दुसरी नेटफ्लिक्स मालिका' म्हटलं, रीबूट नाही. पण मुद्दा स्वच्छ मांडलात.

@काका, तुमच्या लिओच्या ही-मॅनला नमस्कार. पण स्प्रिंगबद्दल माझं मत वेगळं आहे. कमरेत स्प्रिंग असली की फिगर दर वेळी एकाच दिशेला परत येते. ती तुम्ही सांगाल तशी उभी राहत नाही, तिला जे येतं तेच करते. सोळा सांध्यांची फिगर मात्र मुलाच्या डोक्यातल्या प्रसंगात उभी राहते. तलवार उपसतानाचा ही-मॅन, मार खाऊन मागे रेललेला स्केलेटर. ठोसा एकच असतो, प्रसंग रोज नवे.

नेरुळचे_काका

ठोसा एकच असतो, पण तो *लागतो*. :)

रेझिन_आणि_रंग

दोघांच्या भांडणात मला रस आहे, कारण हा प्रश्न खेळणी बनवणाऱ्यांना प्रत्येक पिढीत पडलाय आणि प्रत्येक वेळी त्यांनी काहीतरी गमावून काहीतरी कमावलंय.

२००२ ची रांग घ्या. त्या वेळी कार्टून नेटवर्कसाठी ३९ भागांची नवी मालिका झाली आणि फिगर्सचं शिल्पकाम 'फोर हॉर्समेन' या चौघांच्या स्टुडिओने केलं. माझ्या मते ही-मॅनच्या इतिहासातलं ते सर्वांत धाडसी काम. पट्ट्यांची बकलं, तलवारीवरची यंत्रासारखी खोदणी, फरच्या चड्डीतले केससुद्धा कोरलेले. पण मुलांच्या रांगेसाठी पाठीत बटण हवं होतं. बटण दाबलं की हात फिरतो. मग त्या यंत्रासाठी धडात जागा काढावी लागली, खांदा अडकला, कोपर गेलं. इतकी सुंदर मूर्ती आणि हात डोक्याच्या वर धड नेता येत नाही. मी त्यातल्या स्केलेटरला वेगळ्या खांद्यांवर बसवून पुन्हा रंगवलाय, तेव्हा कुठे जीवाला बरं वाटलं.

दुसरी गोष्ट जी या रांगेला नडली ती दुकानातली. ही-मॅन आणि स्केलेटरचेच वेगवेगळे पोशाख निघत राहिले. बर्फातला, जंगलातला, अमका, तमका. बाकीची पात्रं हाताला लागेनात. मालिकेत दिसलेली कितीतरी मंडळी फिगर म्हणून आलीच नाहीत. ती पुढे नेका या दुसऱ्या कंपनीने छोट्या, न हलणाऱ्या पुतळ्यांच्या रूपात काढली. त्याच शिल्पकारांनी केलेले पुतळे, पण सांधा एकही नाही. संग्राहक आजही ते फिगर्सच्या रांगेत उभे करतात.

मृण्मयी, तुझ्या सीजीआय रांगेतही बटणाचे अवतार आहेत, 'पॉवर अटॅक' म्हणून. ते सोड. साधे घे. साध्यात शिल्पाला मोकळीक मिळते.

चिंगी_वर्तकनगर

रंगवलेल्या स्केलेटरचा फोटो पाहिजेच पाहिजे. रंग कुठला वापरला?

रेझिन_आणि_रंग

@चिंगी, अॅक्रिलिक, खूप पातळ करून, थरावर थर. आधी साबणाच्या कोमट पाण्याने फिगर धुऊन पूर्ण वाळवायची. साच्यातून निघताना लागलेलं तेलकट द्रव्य राहिलं तर रंग सोलला जातो. आणि सांध्यात रंग जाऊ द्यायचा नाही, हलवला की खरवडतो. नेलपेंट काढायचं रिमूव्हर जवळही आणू नका. त्यातलं अॅसिटोन एबीएस प्लास्टिक विरघळवतं, नाकडोळे पुसले जातात.

आई_घणसोली

मी संग्राहक नाही, दोन मुलांची आई आहे, म्हणून मूळ प्रश्नावर येते.

आठ वर्षांच्या मुलाला सात इंची मास्टरव्हर्स देऊ नका. जादा पंजे असतात ना, ते पहिल्या आठवड्यात सोफ्याखाली जातात आणि मग रडारड. शिवाय त्या फिगर्स मोठ्यांसाठी म्हणून विकतात. साडेपाच इंच हा मुलांच्या मुठीचा आकार आहे. माझा मुलगा फिगर कमरेत धरून खेळतो, अख्खी मूठ बसते, दोन्ही हातांत दोन पात्रं आणि तोंडाने संवाद.

आणि घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. एका विक्रेत्याने मला "बाहेरचा माल आहे, त्याला लागत नाही" असं सांगितलं होतं. लागतं. आयात केलेल्यालाही लागतं.

गोखले_रोड_गल्ली

@आई_घणसोली, अगदी बरोबर. भावाचं कोडंही इथेच सुटतं. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेलं, २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे परदेशी रांगेतली सगळी पात्रं इथे येत नाहीत. जी खपणार हे नक्की, तेवढीच येतात. म्हणजे ही-मॅन, स्केलेटर आणि फार तर ही-मॅनचा वाघ बॅटल कॅट. टीला आणि रॅम-मॅम शोधताना जी दमछाक होते तिचं मूळ हे आहे.

नकली कशी ओळखायची तेही सांगतो, कारण दिवाळीत स्टेशनबाहेर पथारीवर ढिगाने येतात. फिगर उलटी करा. अस्सल मालावर पाठीवर किंवा पायाच्या आतल्या बाजूला कंपनीचा आणि सालाचा ठसा साच्यातच उमटलेला असतो. नकलीवर तो पुसट असतो किंवा नसतोच. डोळे बघा, बुबुळं एका रेषेत नसतात. आणि वास. उग्र, रॉकेलसारखा वास आला तर मुलाच्या हातात देऊ नका.

खारघर_ओम्निट्रिक्स

ही-मॅन माझ्या पिढीचा नाही, पण रीबूट फिगर्सवर बोलायचं तर मला बोललंच पाहिजे. बेन टेन!

२००५ ची मूळ मालिका, २०१६ चा रीबूट. पहिलीच्या फिगर्स बांदाईच्या, रीबूटच्या प्लेमेट्सच्या. मूळ मालिकेतले एलियन काटेरी, अंगावर शिरा, रंग मळकट. रीबूटमध्ये सगळं गोल, सोपं, ठळक. आम्ही सातवी-आठवीत होतो त्यांना ते बाळबोध वाटलं. पण माझी चुलत बहीण, जी रीबूट बघत मोठी झाली, तिला बांदाईच्या फिगर्स दाखवल्या तर म्हणाली, "दादा, हे आजारी का दिसतात?" तिच्या दृष्टीने तिचा फोर आर्म्स (चार हातांचा एलियन) हाच खरा फोर आर्म्स. म्हणून मी ताईंच्या बाजूने आहे. फिगर ज्या मालिकेची आहे त्या मालिकेशी ती इमान राखते का, एवढंच विचारावं. आपल्या बालपणाशी नाही.

तुर्भे_एक्सप्रेस

+१. निन्जा टर्टल्सचंही तेच. १९८८ पासून फिगर्स प्लेमेट्सच्याच, पण २०१२ च्या मालिकेत चौघांची उंची आणि अंगकाठी वेगवेगळी केली आणि फिगर्समध्येही ती उतरली. जुन्या मालिकेत डोळ्यांवरची पट्टी आणि हत्यार काढलं की चौघे जवळजवळ सारखेच.

नेरुळचे_काका

@खारघर_ओम्निट्रिक्स, बाळा, तुझं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण मग मूळ म्हणून काही उरतच नाही की. ज्याने त्याने आपला ही-मॅन बनवायचा.

रेझिन_आणि_रंग

काका, मूळ म्हणजे तरी काय हो? हे मी वाद घालायला नाही, मनापासून विचारतोय.

ही-मॅनच्या बाबतीत खेळणं आधी, १९८२ मध्ये. मालिका नंतर, १९८३ मध्ये. आणि त्या पहिल्या खेळण्यासोबत जी छोटी कॉमिक्स यायची त्यात राजपुत्र अॅडम, म्हणजे ही-मॅनचं एरवीचं रूप, नव्हताच! ही-मॅन हा जंगलातल्या टोळीतून बाहेर पडलेला योद्धा होता. राजवाडा, राजपुत्र, दुहेरी आयुष्य हे पुढे आलं आणि मालिकेने घरोघर पोचवलं.

आता २०२१ ची सीजीआय मालिका बघा. त्यात अॅडम कुठे वाढतो? राजवाड्यापासून दूर, वाघांच्या टोळीत. ज्या मालिकेला सगळे "मूळ सोडलं" म्हणून नावं ठेवतात ती एका अर्थाने १९८३ च्याही मागे, पहिल्या कॉमिक्सपर्यंत गेलीय.

आणि बॅटल कॅट! आपण सगळे त्याच्यावर जीव टाकतो. तो वाघ ही-मॅनसाठी घडवलेलाच नव्हता. कंपनीच्याच 'बिग जिम' या आधीच्या, मोठ्या आकाराच्या रांगेतला वाघ होता. साचा तयार होता, त्याला हिरवा रंग आणि खोगीर दिलं. म्हणून तो ही-मॅनच्या मानाने एवढा प्रचंड. त्या काटकसरीतून आलेला आकार आज आपल्याला पवित्र वाटतो.

नेरुळचे_काका

बिग जिमचं मला माहीत नव्हतं. आज बॅटल कॅटकडे नव्याने बघीन.

मृण्मयी_पाचपाखाडी

@रेझिन_आणि_रंग, हा प्रतिसाद मी कुठेतरी उतरवून ठेवणार. वाघांच्या टोळीचा धागा माझ्याही लक्षात आला नव्हता. आणि यावरून फिगरमधलंच एक दाखवते. सीजीआयच्या ही-मॅनचं अंग राजपुत्राचं नाही, रानात वाढलेल्या पोराचं आहे. गुडघे किंचित वाकलेले, खांदे पुढे. १९८२ चाही तसाच होता, पाय फाकवून, वाकून उभा. छाती काढून ताठ उभा राहतो तो मास्टरव्हर्सचा.

अर्धी_तलवार

तलवारीवर कुणी बोललं नाही अजून! १९८२ च्या ही-मॅनला अर्धी तलवार मिळायची आणि उरलेली अर्धी स्केलेटरबरोबर. दोन पाती एकमेकांवर बसवली की पूर्ण तलवार, आणि ती पूर्ण झाली की ग्रेस्कल किल्ल्याचं दार उघडतं अशी कथा. म्हणजे एक फिगर घेऊन भागणारच नाही! टीव्हीवर मात्र ही-मॅनच्या हातात अख्खी तलवार. माझ्या आयडीमागचं कारण हेच.

किल्लेदार_कोपरी

किल्ल्याचा विषय निघालाच आहे तर, दिवाळीच्या किल्ल्यावर ही-मॅन कुणी कुणी ठेवलाय? हात वर करा.

चिंगी_वर्तकनगर

✋ बुरुजावर बॅटल कॅट, खाली अळीवाचं शेत.

ऐरोलीकर_७८

✋ आमच्या सोसायटीच्या स्पर्धेत परीक्षकांनी गुण कापले होते त्यासाठी.

नेरुळचे_काका

गुण कापले ते योग्यच. माझा ही-मॅनवर इतका जीव, तरी किल्ल्यावर मावळेच हवेत. सिंहासनावर महाराज आणि शेजारी स्केलेटर, हे मला बघवणार नाही.

किल्लेदार_कोपरी

काका, महाराजांच्या शेजारी नाही हो. आमच्याकडे रीतसर दोन किल्ले असायचे. गॅलरीत मातीचा, मावळ्यांचा. आणि आत खोलीत खोक्यांचा, तो ग्रेस्कल. मातीच्या मावळ्याचा हात मोडला की तो त्या वर्षापुरता गेलाच. ही-मॅनला मात्र पाण्याच्या टाकीवरून टाकला तरी काही होत नसे. म्हणून लढाया आतल्या किल्ल्यावर आणि दरबार बाहेरच्या.

नेरुळचे_काका

दोन किल्ले असतील तर हरकत नाही. :)

आई_घणसोली

माझ्या मुलांना ही कल्पना सांगितली. आता आमच्या गॅलरीचं काही खरं नाही.

खाडीकाठ

मी कळव्याला खाडीजवळ राहतो, आणि या धाग्यावर सांभाळण्याबद्दल बोलणं निघालं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडची हवा फिगर्सची वैरीण आहे.

पीव्हीसीत मऊपणासाठी जे द्रव्य मिसळतात ते उन्हाळ्यात हळूहळू बाहेर येतं आणि फिगर चिकट होते. बहुतेक लोक घाबरून ती हवाबंद डब्यात टाकतात आणि चिकटपणा आणखी वाढतो. हवा खेळती हवी. चिकट झाली तर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग सावलीत वाळवणं. थेट ऊन नको, पांढरं आणि फिकट प्लास्टिक पिवळं पडतं.

एप्रिल-मेमध्ये मऊ घोट्याच्या फिगर्स पुढे कलतात. मास्टरव्हर्ससारख्या उंच आणि जड फिगर्सना पाठीला आधाराचा स्टँड द्या. साडेपाच इंची बुटक्या असल्यामुळे त्यांना हा त्रास कमी. कललेला पाय कढत पाण्यात मिनिटभर धरून सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा, आकार धरतो. नवीन फिगरचा सांधा अडकला असेल तर तोही जोर लावून फिरवू नका, तशीच कढत पाण्यात धरा. पाणी उकळतं नको.

जुन्या फनस्कूलच्या जी. आय. जो (सैनिकांच्या छोट्या फिगर्स) असतील तर पाठीतला स्क्रू तपासा. खारी हवा त्याला गंजवते आणि मग तो फिरतच नाही. आतलं ओ-रिंगचं रबर तुटलेलं असतं पण उघडता येत नाही. आणि न उघडता, पाकिटाच्या कार्डासकट ठेवणाऱ्यांनी जून लागायच्या आत सिलिका जेलच्या पुड्या बदला. पुठ्ठ्यावर बुरशीचे ठिपके पडले की जात नाहीत.

ऐरोलीकर_७८

स्क्रूचं वाचून आत्ता कपाट उघडलं. गंजलाय.

खाडीकाठ

@ऐरोलीकर, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब स्क्रूच्या डोक्यावर, रात्रभर ठेवा. सकाळी खाचेत नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, लहान घेतलात तर खाच झिजेल. तेल प्लास्टिकवर ओघळू देऊ नका.

टीलाची_बाजू

उशिरा आले, पण मृण्मयीच्या यादीतली दोन नावं बघून थांबले. टीला आणि रॅम-मॅम. चारातल्या दोन बायका. १९८० च्या रांगेत हे शक्यच नव्हतं. डझनावारी पुरुष, आणि बायका म्हणाल तर टीला, एव्हिल-लिन आणि अगदी शेवटी, १९८७ मध्ये आलेली सॉर्सरेस, बस. मुलींसाठी म्हणून १९८५ मध्ये ही-मॅनच्या बहिणीची, शी-राची, वेगळीच रांग काढली, विंचरायच्या केसांची, कापडी झग्यांची. माझ्या भावाकडे ही-मॅन होता आणि मला त्याच्या खेळात कायम टीलाच व्हावं लागायचं, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

सीजीआय मालिकेत टीला स्वतः जादूगारीण होते, आणि टक्कर मारणारा रॅम-मॅन ही आता एक मुलगी आहे. पुष्कळांना ते खटकलं. मला विचाराल तर साऱ्या रीबूटमधलं सर्वांत चांगलं खेळणं तेच आहे. रॅम-मॅम "सुंदर" दिसावी म्हणून तिला बारीक केलेलं नाही. ती आडदांड आहे, तिला तसंच घडवलंय. मुलाला फिगर्स देताना हिला वगळू नका. मुलांच्या खेळात टक्कर मारणारी मुलगी असणं हे मुलांसाठीही चांगलं आहे.

मृण्मयी_पाचपाखाडी

@टीलाची_बाजू, हे मला लिहायचं होतं आणि इतकं नेमकं जमलं नसतं. रॅम-मॅमच्या पायांकडे बघितलंस का? पोटऱ्या खांबासारख्या. जिथून टक्कर सुटते तो भाग सगळ्यांत जाड ठेवलाय.

गोखले_रोड_गल्ली

मग ठरलं काय? दिवाळी तोंडावर आलीय.

मृण्मयी_पाचपाखाडी

ठरलं. सीजीआयच्या साध्या फिगर्सच देणार, बटणवाल्या नाहीत. ही-मॅन, स्केलेटर आणि रॅम-मॅम, म्हणजे दोन बाजू होतात आणि खेळ सुरू करता येतो. मास्टरव्हर्सचा विचार सोडला, @आई_घणसोली आणि @खाडीकाठ दोघांचीही कारणं पटली.

काकांच्या ठोशाचं काय करायचं यावर मात्र मी विचार केला. रविवारी भाचा घरी आला तेव्हा त्याच्यासमोर सीजीआय आणि ओरिजिन्स दोन्ही जोड्या ठेवल्या आणि काही न बोलता बाजूला बसले. त्याने ओरिजिन्सचा ही-मॅन उचलला, हात वाकवले, बूट काढून स्केलेटरला घातले, हसला आणि खाली ठेवला. मग सीजीआयची रॅम-मॅम उचलली आणि डोकं पुढे करून थेट स्केलेटरच्या छातीत. स्केलेटर टेबलावरून खाली. पुन्हा उभा केला, पुन्हा खाली. असं बराच वेळ. म्हणजे काका, ठोसा लागतो हे तुमचं म्हणणं खरंच. फक्त त्याला स्प्रिंग लागत नाही, फिगरच्या अंगात तो जोर कोरलेला असला की मूल स्वतःच मारतं.

मोठ्यांनी ही रांग का घेऊ नये याचं पटेल असं उत्तर मात्र इतक्या प्रतिसादांत कुणीच दिलं नाही.

नेरुळचे_काका

कारण तसं उत्तर नाही, असं दिसतंय. माझा मुलगा दर शनिवारी ठाण्याला येतो. तुमची रॅम-मॅम कुठे मिळाली ते व्यनि (खाजगी निरोप) करा, त्याला आणायला सांगतो. तिला माझ्या लिओच्या ही-मॅनसमोर उभी करून बघायचंय.

अर्धी_तलवार

काका, निकाल इथेच कळवा. माझा कौल रॅम-मॅमला.

खाडीकाठ

आणि लढाईआधी ही-मॅनच्या पायातलं रबर बघा काका. जुनं रबर वाळून ठिसूळ होतं, ओढलं की तुटतं. पाय फिरवू नका, कंबरच फिरवा.